'आणि' की 'किंवा'? : आयव्हरी कोस्टच्या यादवीचा धडा

सरकारी नोकरीत ज्यांची हयात गेली त्यांना एक गोष्ट पुरेपूर ठाऊक असते. कायद्याच्या मसुद्यात मोठमोठ्या शब्दांपेक्षा लहान शब्दच अधिक घात करतात. अर्जासोबत 'जन्माचा दाखला आणि शाळेचा दाखला' जोडावा असे परिपत्रकात असेल तर एक माणूस हात हलवीत परत जातो. त्याच जागी 'किंवा' असेल तर त्याच माणसाचे काम दहा मिनिटांत होते. माणूस तोच, गाव तेच, कचेरी तीच.

माळव्यातील एका तहसील कचेरीत मी नवखा असताना एक वृद्ध गृहस्थ रहिवासाच्या दाखल्यासाठी येत असत. घराणे आपल्यापैकीच, पाच पिढ्या त्याच गावात नांदलेले. पण घर जुन्या वाटणीतले, कागद चुलत्याकडे आणि चुलता परगावी. तीनदा मी त्यांचा अर्ज 'पुराव्याअभावी' या शेऱ्यासह परत केला. तिसऱ्या खेपेस ते म्हणाले, "साहेब, आजोबांनी लावलेली चिंच अजून दारात उभी आहे. ती चालेल का पुरावा म्हणून?" मी हसलो. पुढे माझी बदली झाली आणि त्या अर्जाचे काय झाले ते मला कळले नाही.

निवृत्तीनंतर इतर देशांच्या राज्यकारभाराचा इतिहास वाचण्याचा छंद जडला, आणि पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशाची हकिकत वाचताना ती चिंच मला पुन्हा आठवली. कारण त्या देशात 'आणि' व 'किंवा' यांचा वाद प्रत्यक्ष राज्यघटनेत उपस्थित झाला, आणि त्यातून पेटलेल्या आगीत देशाचे दोन तुकडे झाले. यादवीला इतरही कारणे होती, ती पुढे येतीलच. पण सामान्य माणूस बंदूक का उचलतो हे समजून घ्यायचे असेल तर त्या कागदाच्या तुकड्यापर्यंत जावे लागते.

हस्तिदंताच्या व्यापारावरून नाव पडलेला हा किनारा फ्रान्सची वसाहत होता. ७ ऑगस्ट १९६० रोजी तो स्वतंत्र झाला आणि फेलिक्स हूफूए-ब्वान्यी हे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. पेशाने वैद्य, घरचे कोकोचे मळेवाले, आणि फ्रेंच मंत्रिमंडळातही बसलेले. १९४४ साली त्यांनी आफ्रिकी मळेवाल्यांची संघटना उभारली. १९४६ साली फ्रेंच वसाहतींतील वेठबिगार रद्द करणाऱ्या कायद्याला त्यांचेच नाव मिळाले. ते १९९३ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सलग तेहतीस वर्षे, सत्तेवर राहिले. तीस वर्षे देशात एकच पक्ष होता. तरीही शेजारी देशांत एकामागून एक लष्करी बंडे होत असताना हा देश शांत राहिला आणि भरभराटला.

भरभराटीचे गमक होते कोको. दक्षिणेतील जंगल तोडून मळे लावायचे तर हात हवेत, आणि हात उत्तरेकडून येत होते. देशाच्या स्वतःच्या उत्तर भागातून, तसेच माली आणि अप्पर व्होल्टा, म्हणजे आजचा बुर्किना फासो, येथून मजूर लाखांनी आले. हूफूए यांनी त्यांना अभय दिले होते. आपल्याकडील 'कसेल त्याची जमीन' या घोषणेशी मिळतेजुळते धोरण त्यांनी १९६३ साली जाहीर केले. स्थानिक गावकरी पाहुण्याला जंगलाचा तुकडा देई आणि पाहुणा त्याबदली काम, धान्य, भेटी देई. व्यवहार तोंडी होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आयव्हरी कोस्टने घानाला मागे टाकले आणि तो जगातला पहिल्या क्रमांकाचा कोको-उत्पादक देश बनला. १९९८ च्या जनगणनेत सुमारे दीड कोटी लोकसंख्येपैकी २६ टक्के लोक परदेशी म्हणून नोंदले गेले, त्यांत निम्म्याहून अधिक बुर्किना फासोचे होते.

पण 'परदेशी' म्हणजे कोण? १९३२ साली फ्रेंचांनी अप्पर व्होल्टा ही वसाहतच मोडून टाकली आणि तिचा मोठा भाग आयव्हरी कोस्टला जोडला. १९४७ साली ती पुन्हा वेगळी केली. म्हणजे मधल्या पंधरा वर्षांत जन्मलेला माणूस कागदोपत्री आयव्हरी कोस्टमध्ये जन्मला, पुढे त्याचे गाव सीमेपलीकडे गेले आणि तो स्वतः मजुरीसाठी पुन्हा अलीकडे आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जागचे न हलता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेल्या बेळगावकरांना हे कोडे समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की आपल्याकडे राज्य बदलले तरी नागरिकत्व भारतीयच राहिले. तिकडे राष्ट्रीयत्वच प्रश्नांकित झाले. शिवाय वातारा, कुलिबाली, कोने, त्राओरे ही आडनावे सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखीच. उत्तरेकडचा अस्सल आयव्हरियन मुसलमान आणि मालीचा मजूर यांच्यात नाव, पेहराव वा बोली यांवरून फरक करणे शिपायाला शक्य नव्हते, आणि पुढे पुढे तो तसा फरक करण्याच्या फंदातही पडेनासा झाला.

हूफूए यांना हा धोका दिसत होता असे मानायला जागा आहे. १९६६ च्या सुमारास शेजारी देशांच्या नागरिकांना दुहेरी नागरिकत्व देण्याचा विचार त्यांनी मांडला, पण स्वपक्षातूनच विरोध झाला आणि तो बारगळला. मग त्यांनी प्रश्न सोडवला नाही, झाकून ठेवला. परदेशी रहिवासी १९९० पर्यंत निवडणुकीत मतदानही करीत असत. एका माणसाच्या शब्दावर चाललेली ही व्यवस्था होती. असा शब्द देणाऱ्याबरोबरच जातो.

त्याआधीच पैसा आटला होता. १९८९ साली शेतकऱ्याला मिळणारा कोकोचा हमीभाव किलोस ४०० फ्रँकवरून २०० वर आणावा लागला. त्याच सुमारास हूफूए यांच्या जन्मगावी, यामूसुक्रो येथे, रोमच्या धर्तीवरील प्रचंड चर्च बांधून पूर्ण झाले होते. १९९४ च्या जानेवारीत फ्रँकचे मूल्य निम्म्यावर आणले गेले. शहरात नोकरी न मिळालेले तरुण गावी परतले तेव्हा वडिलांनी पाहुण्याला दिलेली जमीन त्यांना डोळ्यांसमोर फळलेली दिसली. जमीन आपली, मळा दुसऱ्याचा, ही सल येथून सुरू झाली. १९९८ च्या जमीन कायद्याने ग्रामीण जमिनीची मालकी फक्त नागरिकांपुरती ठेवली आणि तीस-तीस वर्षांचे तोंडी व्यवहार एका फटक्यात संशयास्पद झाले.

राजकारण्यांनी या सलीला नाव दिले. हूफूए यांच्यामागून कायदेमंडळाचे अध्यक्ष हेन्री कोनान बेदिए हे घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचे प्रतिस्पर्धी होते अखेरच्या तीन वर्षांतील पंतप्रधान अलासान वातारा. हे उत्तरेकडचे मुसलमान, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत नावाजलेले अर्थतज्ज्ञ. जन्म आयव्हरी कोस्टमधील दिंबोक्रोचा, पण शालेय शिक्षण अप्पर व्होल्टात झालेले आणि अमेरिकेतील शिक्षणाची शिष्यवृत्तीही त्या देशाच्या नावावर घेतलेली. बेदिए यांनी 'इव्वारिते' म्हणजे 'आयव्हरियनपण' हा शब्द प्रचारात आणला. सांस्कृतिक अभिमानाचा म्हणून आलेला हा शब्द लवकरच चाळणीचे काम करू लागला. १९९४ च्या निवडणूक कायद्याने मतदान नागरिकांपुरते मर्यादित झाले, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे आईवडील दोघेही जन्मतः नागरिक असले पाहिजेत, अशी अट आली. १९९५ च्या निवडणुकीवर प्रमुख विरोधकांनी बहिष्कार टाकला आणि बेदिए ९६ टक्के मतांनी निवडून आले. १९९९ च्या सप्टेंबरात वातारा यांना दिंबोक्रोच्या न्यायालयाने नागरिकत्वाचा दाखला दिला, तो पुढच्याच महिन्यात रद्द झाला, आणि मग बनावट कागदपत्रांच्या आरोपावरून त्यांच्यावर अटकेचे वॉरंटच निघाले.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. परदेशी रहिवाशांसाठी सशुल्क रहिवास-परवाना अमलात आला तो वातारा पंतप्रधान असतानाच. पोलिसांना रस्त्यात माणूस थांबवून कागद मागण्याची सवय लागली ती तेव्हापासून. ज्या यंत्राखाली ते पुढे स्वतः सापडले, त्याचे एक चाक त्यांच्याच कारकिर्दीत बसवले गेले होते.

२४ डिसेंबर १९९९ रोजी लष्करी बंड झाले. त्याची सुरुवात परदेशातील शांतिसेनेवर जाऊन आलेल्या सैनिकांच्या थकलेल्या भत्त्यांवरून झाली. भत्ते मागायला निघालेल्या शिपायांनी सरकारच उलथून टाकले! निवृत्त जनरल रॉबेर गेई सत्तेवर आले. घर झाडून आपण निघून जाऊ असा त्यांचा आव होता, पण खुर्चीची गोडी त्यांनाही लागली. २००० च्या जुलैत नव्या घटनेवर सार्वमत घेण्यात आले. तिच्या ३५ व्या कलमात उमेदवाराचे 'वडील आणि आई' मूळचे आयव्हरियन असावेत, की 'वडील किंवा आई', यावर सारा देश महिनोन्महिने वाद घालीत होता. बाजारात, बसमध्ये, मशिदीत आणि चर्चमध्ये लोक दोन अव्ययांच्या नावाने दोन तट करून भांडत. मतदानाच्या अगदी तोंडावर 'आणि' हा शब्द कायम झाला, आणि ८६ टक्क्यांहून अधिक मतांनी घटना मंजूर झाली. वातारा यांच्या पक्षानेही 'हो' म्हणावे असेच सांगितले होते. आपल्या नेत्याचे आईवडील दोघेही आयव्हरियनच असल्याने कलम आपल्याला लागू नाही, अशी त्यांची समजूत होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरात एकोणीसपैकी चौदा उमेदवार बाद केले. त्यांत वातारा होते आणि 'इव्वारिते'चे जनक बेदिए हेही होते.

उरलेल्यांत प्रमुख होते गेई आणि समाजवादी प्राध्यापक लोराँ बाग्बो. मतमोजणी अर्ध्यावर थांबवून गेई यांनी स्वतःला विजयी घोषित केले, लोक रस्त्यावर आले, गेई पळाले आणि २६ ऑक्टोबर २००० रोजी बाग्बो यांचा शपथविधी झाला. दुसऱ्याच दिवशी अबिजानच्या योपुगों भागात ५७ प्रेतांचा ढीग सापडला. मारले गेलेले बहुतेक उत्तरेकडच्या नावांचे होते. नाकाबंदीवर ओळखपत्रे फाडून फेकली जात असल्याच्या तक्रारी आता नित्याच्या झाल्या. कार्ड खरे असले तरी उपयोग नव्हता, कारण त्यावरचे नावच खोटे ठरत होते.

१९ सप्टेंबर २००२ च्या रात्री अबिजान, बुआके आणि कोरोगो येथे एकाच वेळी सैनिकांनी उठाव केला. सैन्यातून कमी केले जाण्याच्या बेतात असलेले शिपाई त्यांत होते, आणि बुर्किना फासोत आश्रय घेतलेले, तेथून पाठबळ मिळालेले जुने बंडवालेही होते. पहिल्याच दिवशी जनरल गेई आणि गृहमंत्री एमिल बोगा दुदू मारले गेले. अबिजान सरकारकडे राहिले, पण देशाचा उत्तरार्ध बंडखोरांच्या हाती गेला. त्यांचा प्रवक्ता होता तिशीतला माजी विद्यार्थी-नेता गियोम सोरो. बंडखोरांचे म्हणणे थोडक्यात असे की, आम्ही ओळखपत्रासाठी लढत आहोत. ते पूर्ण खरे नव्हते, पण ते लोकांना पटले, यातच सरकारचा पराभव होता.

पुढची साडेचार वर्षे या देशाचा कारभार कसा चालला हे आमच्यासारख्या जुन्या कारकुनी पिंडाच्या माणसाला युद्धापेक्षाही उद्बोधक वाटते. मधोमध, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत 'विश्वास-पट्टा' आखला गेला, तेथे फ्रेंच फौजा आणि २००४ पासून संयुक्त राष्ट्रांचे सैनिक पहारा देत होते. उत्तरेतील जिल्हाधिकारी, न्यायाधीश आणि शिक्षक दक्षिणेकडे निघून गेले. न्यायालये बंद, परीक्षा वर्षानुवर्षे रखडलेल्या, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या अनेक ठिकाणी जळालेल्या. बंडखोरांनी दहा विभाग पाडून प्रत्येकावर एक सेनानी नेमला. हे विभागीय सेनानी ट्रकमागे जकात, बाजारात पट्टी आणि कापूस व काजूच्या व्यापारात वाटा घेत. आयव्हरी कोस्टचा कच्चा काजू सोलण्यासाठी भारतात येतो, आणि गोव्या-कोकणातील कारखानदारांना आफ्रिकी काजू नवा नाही. त्या पोत्यांवर त्या वर्षांत किती नाक्यांवर कर भरला गेला होता, याची आपल्याला कल्पनाही नसे.

दक्षिणेत राज्ययंत्र शाबूत होते, कारण कोकोचा बहुतेक पट्टा आणि बंदरे सरकारकडे होती. पण राज्य कोणाचे, हा प्रश्न होताच. जानेवारी २००३ मध्ये पॅरिसजवळ लिनास-मार्कुसी येथे करार झाला. राष्ट्राध्यक्ष बाग्बो राहावेत, अधिकार सर्वसंमत पंतप्रधानाकडे जावेत आणि मंत्रिमंडळात बंडखोरांसह सगळे असावेत, असे ठरले. कागदावर हे सुंदर होते. प्रत्यक्षात एकाच मेजाभोवती बसलेले मंत्री एकमेकांच्या माणसांवर बंदुका रोखून होते. मार्च २००४ मध्ये अबिजानमधील विरोधकांचा मोर्चा चिरडला गेला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीनुसार किमान १२० लोक मारले गेले. नोव्हेंबरात सरकारी विमानांनी बुआकेवर बाँब टाकले, त्यांत नऊ फ्रेंच सैनिक मेले आणि फ्रान्सने आयव्हरी कोस्टचे हवाई दलच जमिनीवर नष्ट केले. २००५ साली बाग्बो यांची मुदत संपली, निवडणूक घेणे अशक्य होते, म्हणून सुरक्षा परिषदेच्या ठरावाने मुदत वाढली, आणि नंतर पुन्हा वाढली. मतपेटीऐवजी न्यूयॉर्कच्या ठरावातून आयुष्य मिळणारे असे सरकार विरळाच.

शेवटी कोंडी फुटली ती जेथे पडली होती तेथेच. मार्च २००७ मध्ये वागाडुगू येथे बाग्बो आणि सोरो यांनी समोरासमोर करार केला. कालचा बंडखोर पंतप्रधान झाला, आणि त्याच वर्षी देशभर फिरती न्यायालये निघाली. न्यायाधीश गावात येई, मेज मांडे, वय ठरवण्यासाठी सोबत डॉक्टर असे, गावचा म्होरक्या आणि साक्षीदार 'हा अमक्याचा मुलगा, येथेच जन्मला' असे सांगत, आणि ज्याची नोंद कुठेच नव्हती त्याला जन्माचा दाखला मिळे. काही लाख लोक अशा रीतीने कायद्याच्या दृष्टीने प्रथमच जन्मले. माझ्या मते साऱ्या हकिकतीतील ही सर्वांत मोठी गोष्ट होय. २००६ साली हाच प्रयोग सुरू झाला तेव्हा बाग्बोसमर्थक तरुणांनी रस्ते अडवून तो बंद पाडला होता. मधल्या काळात काय बदलले? दोन नेत्यांची सोय बदलली, दुसरे काही नाही.

तरी मतदारयादीचा झगडा संपला नाही. सुमारे दहा लाख नावे संशयित ठरली, २०१० च्या फेब्रुवारीत त्यावरून सरकार आणि निवडणूक आयोग बरखास्त झाले, दंगली उसळल्या. अखेर ५७ लाखांची यादी निश्चित होऊन पाच वर्षे लांबलेली निवडणूक झाली. २८ नोव्हेंबरच्या अंतिम फेरीत आयोगाने वातारा यांना ५४ टक्के मते घोषित केली. घटना परिषदेने उत्तरेतील सात जिल्ह्यांची मते रद्द केली आणि बाग्बो यांना ५१ टक्क्यांवर नेऊन ठेवले. ज्यांनी कागदासाठी आठ वर्षे वाट पाहिली, त्यांची मते एका सहीने पुसली गेली.

४ डिसेंबर २०१० रोजी एका देशाच्या दोन राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतली. एक राजवाड्यात, दुसरा संयुक्त राष्ट्रांच्या पहाऱ्यात एका हॉटेलात. मग लढाई सुरू झाली ती सहीची. पश्चिम आफ्रिकी मध्यवर्ती बँकेने बाग्बो यांची सही मानण्याचे नाकारले, वातारा यांनी कोकोची निर्यात थांबवण्याचा हुकूम काढला, फेब्रुवारीत बँका बंद पडल्या आणि नोकरांचे पगार कसे करावे ही राजवाड्याची विवंचना झाली. तरी शेवट बंदुकीनेच झाला. मार्चअखेर उत्तरेच्या फौजा दक्षिणेत घुसल्या. वाटेत दुएकुए येथे शेकडो लोकांची कत्तल झाली, आणि या वेळी मरणारे बहुतांशी बाग्बो यांच्या बाजूचे मानले गेलेले होते. ११ एप्रिल २०११ रोजी बाग्बो पकडले गेले. या पाच महिन्यांत सुमारे तीन हजार माणसे गेली.

बाग्बो हेगच्या न्यायालयात उभे राहिले, २०१९ साली निर्दोष सुटले आणि २०२१ साली मायदेशी परतले. जिंकलेल्या बाजूच्या अपराध्यांना मात्र फारशी झळ लागली नाही. वातारा यांच्या राजवटीत अर्थव्यवस्था सावरली, २०१३ साली जुन्या रहिवाशांना घोषणेद्वारे नागरिकत्व मिळवण्याचा मार्ग खुला झाला, आणि २०१६ च्या नव्या घटनेत 'आणि'च्या जागी 'किंवा' आले. येथे कथा संपली असती तर किती बरे झाले असते! पण वातारा २०२० साली तिसऱ्यांदा आणि २०२५ साली चौथ्यांदा निवडून आले. सोरो त्यांच्याशी बिनसून परागंदा झाले. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये प्रमुख विरोधी नेते तिजान तियाम यांचे नाव न्यायालयाने मतदारयादीतून काढले. कारण काय, तर १९८७ साली त्यांनी फ्रेंच नागरिकत्व घेतले तेव्हाच ते आयव्हरियन उरले नव्हते. ज्याला एकेकाळी 'तू येथला नव्हेस' म्हणून बाहेर ठेवले, त्याच्याच राज्यात तोच शेरा दुसऱ्याच्या अर्जावर पडला. न्यायालयाने कायद्याचे कलम बरोबर वाचले असेलही. १९९९ साली आणि २००० सालीही कलमे बरोबरच वाचल्याचा दावा होता.

आपली घराणी शिंदे, होळकर, गायकवाडांच्या वेळेपासून मूळ गावापासून दूर रुजलेली आहेत. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न आपण आयुष्यभर ऐकतो आणि हसून उत्तर देतो, कारण त्या प्रश्नामागे शिपाई उभा नसतो. आयव्हरी कोस्टमध्येही तेहतीस वर्षे तो नव्हता. तो उभा राहिला तेव्हा त्याला कोणी परदेशातून आणले नाही. सुशिक्षित मंत्र्यांनी, न्यायाधीशांनी आणि माझ्यासारख्या नियमावर बोट ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, एकेक कलम, एकेक परिपत्रक करीत त्याला नाक्यावर आणून बसवले.

राज्याला कागद लागतोच. कागदावाचून कारभार चालत नाही हे मी अजूनही म्हणेन. पण कागद माणसाच्या सोयीसाठी की माणूस गाळण्यासाठी, हे मेजाच्या या बाजूला बसलेल्याने रोज ठरवायचे असते. आफ्रिकेतील त्या फिरत्या न्यायाधीशांनी गावच्या म्हाताऱ्याची साक्ष पुरावा म्हणून मानली. माझ्याही अधिकारात त्या वेळी स्थळपाहणी करणे होते. तहसील कचेरीपासून ती चिंच फार तर दोन कोसांवर असेल. मी गेलो नाही.